टिक्सचे औषध सुरू आहे आणि स्वभाव बदललाय? आधी तारखा तपासा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यानंतर बरेच दिवस वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर एक शब्द सारखा ऐकू येत होता : डोपामिन. ‘जिंकल्यावर मेंदूत डोपामिन येते, म्हणून सवय लागते’ हे वाक्य आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे.

या चर्चेत एका गटाचा उल्लेख मात्र फारसा झाला नाही. डोळे मिचकावणे, मान झटकणे, घसा खाकरणे अशा टिक्स असलेली मुले-मोठी माणसे आणि त्यांची कुटुंबे. त्यांच्यासाठी डोपामिन ही टीव्हीवरची गप्पा नाही. त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या गोळ्या याच रसायनावर काम करतात. आणि त्यातल्या एका नेहमीच्या गोळीमुळे काही थोड्या रुग्णांमध्ये जुगार, खरेदी किंवा खाण्याची अनावर ओढ निर्माण होऊ शकते, असा इशारा परदेशातल्या औषध नियामकांनी दिलेला आहे.

तुमच्या घरात कोणाला टिक्स असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. घाबरवण्यासाठी नव्हे. ‘हा असा का वागतो?’ या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे असतात आणि प्रत्येक उत्तराचा उपाय वेगळा असतो, हे समजून घेण्यासाठी.

टिक म्हणजे नेमके काय?

टिक म्हणजे अचानक, झटक्यात आणि पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणे, नाक ओढणे, खांदा उडवणे, तोंड वेडेवाकडे करणे या हालचालींच्या टिक्स. घसा साफ करणे, हुंकार देणे, एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे या आवाजाच्या टिक्स. दोन्ही प्रकार (हालचालींच्या अनेक आणि आवाजाची निदान एक) वर्षाहून अधिक काळ राहिले आणि सुरुवात अठराव्या वर्षाआधी झाली असेल, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. १८८५ मध्ये जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी नऊ रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. राणी मुखर्जीचा ‘हिचकी’ (२०१८) पाहिलेल्यांना हे नाव ओळखीचे असेल.

टिक्स साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त असतात आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये कमी होत जातात. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये त्या तीन-चार पट अधिक दिसतात. चित्रपटांत आणि विनोदांत दाखवतात तसे शिव्या बाहेर पडणे मात्र फार थोड्यांत, साधारण दहापैकी एका-दोघांत आढळते.

टिक येण्याआधी अनेकांना शरीरात एक अस्वस्थता जाणवते. शिंक येण्याआधी नाकात हुळहुळते तशी. टिक केली की क्षणभर बरे वाटते, मग पुन्हा तेच. ती काही वेळ दाबून ठेवता येते. म्हणूनच मूल शाळेत ठीक असते आणि घरी आल्यावर टिक्स वाढतात. ‘शाळेत जमते, मग घरी मुद्दाम करतोस ना?’ असे त्याला विचारू नका. दिवसभर धरून ठेवलेले घरी सुटते, एवढाच त्याचा अर्थ.

मेंदूत काय चाललेले असते?

मेंदूच्या खोलवर काही केंद्रे असतात, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती थांबवायची, याची निवड करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखे त्यांचे काम : हा आत येऊ दे, तो थांबू दे. या पहारेकऱ्याला सूचना देणाऱ्या रसायनांपैकी एक महत्त्वाचे रसायन म्हणजे डोपामिन.

इथे दोन वाटा समजून घ्या. डोपामिन ‘डी-१’ नावाच्या ग्राहकांवर बसले की ‘होऊ दे’ची वाट मोकळी होते. ‘डी-२’ ग्राहकांवर बसले की ‘थांब’ म्हणणारी वाट मंदावते. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो, तो म्हणजे हालचाल सुटते. टिक्समध्ये हा समतोल बिघडलेला असावा, असे मानायला चांगला आधार आहे, कारण डोपामिन अडवणाऱ्या औषधांनी टिक्स कमी होतात. हॅलोपेरिडॉल, पिमोझाइड, रिस्पेरिडोन ही त्यातली जुनी नावे. २०२३ मध्ये इकोपिपाम या डी-१ अडवणाऱ्या नव्या औषधाचा ६ ते १७ वयाच्या १५३ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही टिक्स कमी झालेल्या दिसल्या.

पण ‘डोपामिन जास्त म्हणून टिक्स’ इतके सोपे गणित नाही. नॉरॲड्रेनलिन, ग्लुटामेट आणि गाबा ही रसायनेही यात असतात. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ताण, जागरण आणि उत्सुकता यांनी टिक्स वाढतात. सणासुदीला किंवा परीक्षेच्या आधी त्या जास्त दिसतात, त्या यामुळे.

आणखी एक गोष्ट. मेंदूत हालचालींची वाट जिथून जाते, त्याच्या शेजारूनच बक्षिसाची, म्हणजे ‘हे पुन्हा हवे’ असे वाटायला लावणारी वाट जाते. रसायन तेच, डोपामिन. त्यामुळे एका वाटेसाठी दिलेले औषध दुसऱ्या वाटेला धक्का लावू शकते. या लेखातला कळीचा मुद्दा हाच आहे.

टिक्स असलेली माणसे उतावीळ असतात का?

‘स्वतःवर ताबा नाही’ असा शेरा या मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सर्रास दिसतो. पुरावा मात्र वेगळे सांगतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २००६ मध्ये टुरेट असलेल्या मुलांना नजरेच्या हालचालींची एक कठीण चाचणी दिली. कधी ठिपक्याकडे पाहायचे, तर कधी मुद्दाम त्याच्या विरुद्ध बाजूला. यात मनाला आवर घालावा लागतो. टुरेट असलेली मुले इतर मुलांपेक्षा कमी चुकली. दिवसभर टिक्स दाबण्याचा सराव मेंदूला होत असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मग काही मुले खरोखरच उतावीळ का दिसतात? कारण टिक्स क्वचितच एकट्या येतात. टुरेट असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणे हा त्रास असतो. बऱ्याच जणांना ओसीडी, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो तोही असतो. उतावीळपणा बहुतेक वेळा या सोबत्यांकडून, विशेषतः एडीएचडीकडून आलेला असतो.

म्हणून घरात एखादे वागणे खटकले, तर ते पुढीलपैकी कशात बसते ते पाहा :

• टिक : क्षणात होते, ठरावीक साचा असतो, आधी अस्वस्थता आणि नंतर सुटका. त्यातून काही मिळवायचे नसते.

• एडीएचडीतला उतावीळपणा : प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर, रांगेत घुसणे, रस्त्यावर धावत सुटणे. लहानपणापासून असतो, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतो.

• मंत्रचळ : ‘केले नाही तर काहीतरी वाईट होईल’ किंवा ‘बरोबर जमेपर्यंत’ म्हणून केलेली कृती. हात धुणे, कडी तपासणे, मोजणे. त्यात आनंद नसतो, भीती असते.

• रागाचा स्फोट : छोट्या कारणावरून प्रचंड संताप आणि नंतर पश्चात्ताप. टिक्ससोबत एडीएचडी किंवा मंत्रचळ असलेल्या मुलांत जास्त दिसतो.

• नवी, अनावर ओढ : जुगार, खरेदी, खाणे, लैंगिक गोष्टी. आधी नव्हती, आता आहे. करताना मजा किंवा उत्तेजना येते, नंतर लपवालपवी होते.

पहिल्या चार गोष्टी आजारासोबत किंवा त्याच्या सोबत्यांसोबत येतात. पाचवी दिसली, तर औषधाकडे पाहावे लागते.

औषधामुळे नवी ओढ : काय माहीत आहे?

ॲरिपिप्राझोल हे टिक्ससाठी जगभर आणि आपल्याकडेही दिले जाणारे औषध आहे. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१४ मध्ये टुरेटसाठी त्याला मान्यता दिली. जुन्या औषधांपेक्षा त्याने हातपाय आखडणे कमी होते, म्हणून ते डॉक्टरांना सोयीचे वाटते.

त्याची काम करण्याची पद्धत वेगळी आहे. जुनी औषधे डोपामिनचे दार सरळ बंद करतात. ॲरिपिप्राझोल ते अर्धवट उघडे ठेवते. डोपामिन जास्त असेल तिथे ते कमी करते, कमी असेल तिथे थोडे चालना देते. बक्षिसाच्या वाटेवर ही चालना काही जणांना महागात पडत असावी, असे मानले जाते.

३ मे २०१६ रोजी एफडीएने इशारा दिला. २००२ मध्ये औषध बाजारात आल्यापासूनच्या १३ वर्षांत अनावर ओढीच्या १८४ नोंदी सापडल्या होत्या आणि त्यातल्या १६४ जुगाराच्या होत्या. बहुतेकांना आधी अशी सवय नव्हती. डोस कमी केल्यावर किंवा औषध बंद केल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओढ गेली. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जुगाराच्या धोक्याची डॉक्टरांना आणि रुग्णांना पुन्हा आठवण करून दिली.

हे आकडे नीट वाचा. लाखो लोक हे औषध घेतात, त्या मानाने १८४ हा आकडा लहान आहे. म्हणजे धोका विरळ आहे. पण या फक्त कोणीतरी कळवलेल्या नोंदी आहेत. जुगार लपवला जातो, आणि पैसे गेले तर घरात ‘संगत वाईट लागली’ असे म्हटले जाते. गोळीचा संशय कोणालाच येत नाही. त्यामुळे खरा आकडा मोठा असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

डोपामिनच्या औषधाने अशी ओढ लागते, हे नवलही नाही. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडते, म्हणून प्रामिपेक्झोल किंवा रोपिनिरोल अशी डोपामिनचे काम करणारी औषधे दिली जातात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक पार्किन्सन रुग्णांच्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के जणांना जुगार, खरेदी, खाणे किंवा लैंगिक वर्तन यांपैकी निदान एकाची अनावर ओढ होती. न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. आयुष्यभर काटकसरीने राहिलेले आजोबा अचानक लॉटरीची तिकिटे घेऊ लागतात, तेव्हा त्यांची वृत्ती बदललेली नसते. अशा वेळी औषधाची चिठ्ठी पाहावी लागते.

कायद्याने प्रश्न सुटला का?

अंशतः. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांना या कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेले नाही. रुग्ण आणि कुटुंबीयांनी ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. मुलाने किंवा नवऱ्याने असे खेळ खेळले असतील, तर डॉक्टरांना ते सांगायला कचरू नका.

पण ओढ ही ॲपमध्ये नसते, माणसात असते. एक दार बंद झाले की ती दुसरे शोधते. परदेशी संकेतस्थळे आहेत. गावातला मटका आहे. शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स तर पूर्ण कायदेशीर आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले की, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. शिवाय रात्री दोन वाजता उघडी असलेली खरेदीची ॲप्स आणि दहा मिनिटांत घरपोच येणारे खाणे आहेच. मुलांच्या बाबतीत तर जुगारापेक्षा सतत खाणे, किंवा आई-बाबांच्या फोनवरून खेळातल्या वस्तू विकत घेणे, हे आधी नजरेस पडेल. कायदा बाहेरचे दार लावतो. घरात लक्ष ठेवायचे काम मात्र घरच्यांचेच आहे.

घरच्यांनी काय करावे?

१. तारखा लिहून ठेवा. औषध कधी सुरू झाले, डोस कधी वाढला आणि नवे वागणे कधी दिसले? कॅलेंडरवर तीन खुणा करा. औषधानंतर काही आठवडे-महिन्यांत वागणे बदलले असेल, तर तो डॉक्टरांसाठी सर्वांत मोलाचा पुरावा आहे. वागणे औषधाच्या कितीतरी आधीपासून असेल, तर कारण बहुधा दुसरीकडे आहे.

२. औषध सुरू होतानाच मोकळेपणी बोला. ‘या गोळीने क्वचित खर्च करायची किंवा पैसे लावायची फार इच्छा होते. तुला तसे वाटले तर सांग, रागावणार नाही.’ एवढे वाक्य पुरते. रुग्णाला स्वतःला ही ओढ चुकीची वाटेलच असे नाही, म्हणून घरच्यांचे डोळे महत्त्वाचे.

३. खुणा ओळखा. यूपीआयचे न समजणारे व्यवहार, उसनवारी, नवी कर्जाची ॲप्स, फोन लपवणे, रात्रीचे जागरण, एकाच गोष्टीचे पार्सलवर पार्सल, काही आठवड्यांत भराभर वाढलेले वजन.

४. पैशांची वाट अरुंद करा. यूपीआयची मर्यादा कमी करा आणि मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवा. ही शिक्षा नाही. पायाला प्लास्टर असताना जिना टाळतो, तसेच हे.

५. गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्यास टिक्स उसळून येऊ शकतात आणि औषध दुसऱ्या मानसिक आजारासाठी असेल, तर तो आजार उलटू शकतो. ॲरिपिप्राझोल शरीरातून पूर्ण जायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागू शकतो, त्यामुळे आज बंद करून उद्या फरक दिसणार नाही. डॉक्टरांना फोन करा. डोस कमी करायचा की औषध बदलायचे, हे ते ठरवतील.

६. अगोदरची माहिती लपवू नका. रुग्णाला किंवा जवळच्या नातलगांना जुगार, दारू किंवा अशी कुठलीही अनावर सवय पूर्वी असेल, तर औषध सुरू होण्याआधीच सांगा.

दुसरे पर्याय आहेत का?

हो, आणि हे अनेक कुटुंबांना माहीत नसते. सौम्य टिक्सना औषधाची गरजच नसते. घरच्यांनी आणि शिक्षकांनी सारखे टोकणे बंद केले, तरी पुष्कळ फरक पडतो. उपचार हवाच असेल, तर वर्तनोपचार हा पहिला पर्याय मानला जातो. टिकच्या आधीची अस्वस्थता ओळखायची आणि त्या क्षणी टिकला अडवणारी दुसरी हालचाल करायची, हे त्यात शिकवतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२६ मुलांवरच्या अभ्यासात दहा आठवड्यांत निम्म्याहून अधिक मुलांना चांगला फरक पडला. केवळ माहिती आणि आधार मिळालेल्या गटात असे पाचातले एकच मूल होते. हे शिकवणारे मानसतज्ज्ञ गावोगावी नाहीत, ही अडचण खरी आहे. पण मोठ्या शहरांतल्या मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागांत चौकशी करा. ऑनलाइन सत्रेही घेता येतात.

औषधांत क्लोनिडिन आणि ग्वानफासिन ही नॉरॲड्रेनलिनवर काम करतात, डोपामिनवर नाही. टिक्स आणि उतावीळपणा दोन्ही असतील, तर ती विशेष उपयोगी पडतात. झोप येणे आणि रक्तदाब उतरणे यांकडे लक्ष ठेवावे लागते.

‘एडीएचडीच्या औषधाने टिक्स वाढतात’ ही भीतीही बरीच जुनी आहे. २००२ मध्ये १३६ मुलांवर झालेल्या अभ्यासात मेथिलफेनिडेट घेणाऱ्या मुलांत टिक्स वाढल्याच्या तक्रारी साध्या, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या मुलांएवढ्याच होत्या. एखाद्या मुलात त्या वाढू शकतात, म्हणून लक्ष ठेवायचे. पण भीतीपोटी एडीएचडीचा उपचारच टाळला, तर ज्या उतावीळपणाला घर वैतागले आहे तो तसाच राहतो.

मग जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न कुटुंबे हळू आवाजात विचारतात. ‘सगळे मेंदूतल्या रसायनांवर ढकलायचे का?’ नाही. टिकसाठी मुलाला शिक्षा करू नका, ती त्याच्या हातात नाही. एडीएचडीतल्या उतावीळपणासाठी उपचार द्या आणि नियमही ठेवा, कारण ते मूल शिकू शकते. आणि औषधाने आलेल्या ओढीत माणसाला गुन्हेगार ठरवण्याआधी औषध बदलून पाहा. गेलेल्या पैशांचा हिशेब नंतर घरात बसून करता येतो. तो आधी केला, तर माणूस लपवायला शिकतो आणि निदान आणखी लांबते.

ताबडतोब डॉक्टरांना कधी भेटावे?

• मोठे कर्ज, चोरी किंवा घर सोडून जाण्याची भाषा असेल तर.
• जगण्याचा कंटाळा, आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणे दिसले तर. अशा वेळी माणसाला एकटे सोडू नका.
• टिक्सनी मान किंवा डोळ्यांना इजा होत असेल तर.
• औषध सुरू असताना ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे किंवा ग्लानी आली तर. ही आणीबाणी आहे, थेट रुग्णालय गाठा.

मनाच्या त्रासासाठी सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. औषधाचे निर्णय मात्र तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांसोबतच घ्या. पुढच्या भेटीला जाताना गोळ्यांची पाकिटे आणि तारखा लिहिलेला तो कागद, दोन्ही सोबत न्या.